संगणकावरील बांधकाम व त्याचा राडारोडा

आपल्या किल्ल्यातील पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत, इ. स. १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवरील धरणाच्या पोटात बांधला गेला. तेथे आज दगड व कमानी दिसतात. परांची दिसत नाही. कमान घडत असता तिला खालून लाकडाचा आधार द्यावाच लागतो, परंतु चुना घट्ट झाला म्हणजे तो काढून घेतात. न काढल्यास कमान स्वतःच्या बळावर उभी आहे की लाकडाच्या, हे कोणास कळावे?

संगणकाच्या कामातही हाच प्रश्न उद्भवतो. मनुष्य जो कार्यक्रम लिहितो, त्याचे यंत्रास चालविता येईल असे रूपांतर करावे लागते. ह्या बांधणीस ‘बिल्ड’ म्हणतात. पुष्कळ जण मिळून एकच कार्यक्रम लिहीत असले, म्हणजे कोणीही भर घालताच एका निराळ्या यंत्रावर बांधणी व तिची परीक्षा आपोआप व्हावी, अशी योजना करतात; हिचे नाव ‘कंटिन्युअस इंटिग्रेशन’. प्रत्येक बांधणीमागे रूपांतरित फायली, अहवाल व तात्पुरती गाठोडी उरतात. ती साचून यंत्रातील जागा संपली की पुढील काम अडते, आणि ज्याचा काही दोष नाही अशाच्या माथी अपयश येते. हा त्रास निदान दिसतो तरी. दुसरा दिसत नाही, म्हणून आम्ही तो अधिक वाईट समजतो.

समजा, जावा भाषेतील एका कार्यक्रमाच्या दोन फायली आहेत, ‘मुख्य’ व ‘व्याज’. बांधणी झाल्यावर दोहोंची रूपांतरे मागे राहिली. पुढे कोणी मूळ ‘व्याज’ चुकून पुसली. पुन्हा बांधणी करता यंत्रास जुने रूपांतर सापडते, ते निमूटपणे घेतले जाते, आणि परीक्षा उत्तीर्ण! तोच कार्यक्रम कोऱ्या यंत्रावर मात्र बांधला जात नाही. पायथॉन भाषेच्या दुसऱ्या पिढीतही असेच होई. २०११ साली निघालेल्या ३.२ ह्या आवृत्तीपासून रूपांतरे वेगळ्या कप्प्यात पडू लागली, व मूळ नसल्यास ती घेतली जात नाहीत.

बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन ह्यांनी १९७६ साली ‘मेक’ हे बांधणीचे साधन रचले. ते वापरणारे ‘क्लीन’ नावाची एक आज्ञा स्वतः लिहून ठेवतात. तिने उरलेसुरले पुसले जाते. ही झाडलोट केवळ कामाच्या शेवटी ठेवू नये. काम मध्येच फसले तर शेवट येतच नाही. यास्तव आरंभीच झाडून घ्यावे. मात्र सरसकट पुसणेही बरे नव्हे. फसलेल्या बांधणीचा अहवाल दोष शोधण्यास लागतो, ग्राहकांस दिलेली आवृत्ती जपावी लागते, आणि बाहेरून आणलेले साहित्य दरवेळी नव्याने आणल्यास वेळ फुकट जातो. म्हणून कोणती वस्तू किती दिवस ठेवावयाची, हे आधीच लिहून द्यावे. गिटहबवर असे काही न सांगितल्यास ती ९० दिवस राहते.

शाळेच्या संगणकावर हे पाहावयाचे असल्यास वरील दोन फायलींचा लहानसा कार्यक्रम लिहून बांधावा. मग ‘व्याज’ची मूळ फाईल बाजूस काढून ‘मुख्य’ पुन्हा बांधावी. नंतर ‘क्लास’ शेपटीच्या सर्व फायली पुसून तिसऱ्यांदा तेच करावे, व तिन्ही वेळा यंत्र काय म्हणते ते वहीत उतरून घ्यावे.