माल निववा, मग गाडी भरा

मार्च उजाडला की देशावरून वाशीच्या बाजारात येणारा माल दोन वेगळ्या हवांमधून प्रवास करतो. घाटावर दुपारी पारा अडतीसच्या पुढे, पण हवा कोरडी. कसारा किंवा बोरघाट उतरला की पारा थोडा खाली येतो आणि दमटपणा अंगाला चिकटतो. पुढचे तीन महिने हे असंच चालणार. वाशीत माल कसा उतरेल, हे बरंचसं तोडणीनंतरच्या पहिल्या चार-सहा तासांत ठरून गेलेलं असतं.

तोडलेली भाजी श्वास घेतच असते. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की हा श्वास दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे ३५ अंशांवरची कोथिंबीर एका तासात जेवढी झिजते, तेवढी झीज ५ अंशांवर व्हायला निदान आठ तास लागतील. म्हणून पालेभाजी आणि द्राक्षाची तोडणी सकाळी दहाच्या आत आटपा. भरलेले क्रेट बांधावर उन्हात ठेवू नका. झाड नसेल तर शेडनेटचा तुकडा ताणा.

‘रीफर गाडी सांगितलीय, ती करील थंड’ हा या धंद्यातला सर्वांत महागडा गैरसमज. रीफरचं यंत्र थंड माल थंड राखण्यापुरतं असतं. भिंतींतून शिरणारी उष्णता आणि मालाच्या श्वासाची ऊब काढण्यातच त्याची ताकद संपते. गरम खोकी ठासून भरली की गार हवा कडेकडेने फिरते आणि मधली खोकी दुसऱ्या दिवशीही कोमटच राहतात. गाडीत बसवून माल निववायला जाणं म्हणजे वरातीमागून घोडं.

हे काम प्री-कुलिंगच्या खोलीचं. तिथे पंखा थंड हवा खोक्यांच्या भोकांतून खेचून घेतो. द्राक्ष ३२ अंशांवर आत गेलं आणि हवा शून्याची असली, तर समजा दोन तासांत ते १६ वर येतं, पुढच्या दोन तासांत ८ वर आणि आणखी दोन तासांत ४ वर. सारखाच वेळ, पण उतार दर वेळी निम्मा. म्हणून चौथ्या तासाला खोकं हाताला गार लागलं की लोक घाई करतात आणि शेवटचे चार अंश सोडून देतात. न्हावा शेवा बंदरातून युरोपला निघालेल्या द्राक्षाला नेमके तेच नडतात. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला, तेव्हा हा प्रवास किती लांबू शकतो ते निर्यातदारांनी पाहिलंच आहे.

सगळ्यांकडे प्री-कुलिंग नसतं. त्यांच्यासाठी भारतीय कृषी संशोधन संस्थेचा शून्य ऊर्जा शीतकक्ष आहे: विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटर फट, तीत ओली वाळू, वर ओलं गोणपाट. नाशिक-जुन्नरच्या कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी खाली राहतं. हाच कक्ष पनवेल-उरणकडे बांधून फारसा उपयोग नाही, कारण दमट हवेत पाणी उडतच नाही. तिकडच्या शेतकऱ्यांनी भल्या पहाटे तोडावं, पालेभाजी गार, स्वच्छ पाण्यातून काढावी आणि पूर्ण निथळू द्यावी. पाच टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट लिटरला दोन मिली घातलं तर धुण्याचं पाणीच रोग पसरवत नाही. ओल्या जुड्यांचा ढीग मात्र रचू नका, आतून तापतो.

थंडीही सगळ्यांना सारखी मानवत नाही. पालेभाजी आणि द्राक्ष शून्याजवळ खूश. भेंडीला ७ ते १० अंश, काकडीला १० ते १२, टोमॅटोला आणि हापूसला साधारण १३. हापूस त्याखाली गेला की साल करडी पडते, फळ धड पिकत नाही, वासही जातो. एकाच गाडीत मेथी आणि आंबा घालून भाडं वाचवणारा दोन्हीकडून मार खातो.

आंब्याची निर्यात हा तर उलटाच प्रकार. युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये फळमाशीमुळे आपला आंबा थांबवला आणि जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली, ती उष्णजल प्रक्रियेच्या भरवशावर. म्हणजे वाशीच्या केंद्रावर फळ ४८ अंशांच्या पाण्यात तासभर बुडवून मग निववायचं. अशा आंब्याला बागेतच ऊन लागलेलं असेल तर त्याच्यावर उष्णतेचा दुहेरी मार बसतो. चौदा आणे तयार फळ देठासह काढा, सावलीत ठेवा आणि रात्रीच्या गाडीने रवाना करा.

आता वाशीत उतरताना. मे महिन्यात इथल्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून थंड माल उघड्यावर आला की त्याला घाम सुटतो. पुठ्ठ्याची खोकी मऊ पडून खालचा थर चेपतो, भेंडी काळी होते, द्राक्षाला बुरशी धरते. गाळ्यावर उघडी विकली जाणारी भेंडी किंवा टोमॅटो म्हणूनच फार थंड करू नका. दवबिंदूच्या थोडी वर राहील इतपतच निववून रात्रीच्या हवेशीर गाडीने पाठवली तरी पुरे. शीतगृहातून काढलेल्या द्राक्षाचे पाऊच घाम सुकेपर्यंत उघडू नका.

एक खरेदी मात्र कराच: टोचायचा थर्मामीटर, काही शे रुपयांत मिळतो. गाडीचं दार लावण्यापूर्वी दाराजवळच्या नव्हे, मधल्या थरातल्या खोक्यातल्या मालात तो टोचा. जो आकडा येईल तो चालकासमोर पावतीवर लिहा आणि त्याची सही घ्या.