घटक 4 : इंग्रजीतील संकेतार्थी वाक्ये

4.1 उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• मराठी व इंग्रजी संकेतार्थी वाक्यांच्या रचनेतील फरक सांगता येईल.
• खुली शक्यता, कल्पना आणि हुकलेली संधी यांतील भेद ओळखता येईल.
• मराठी संकेतार्थी वाक्याचे इंग्रजीत अचूक रूपांतर करता येईल.

4.2 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एक गोष्ट घडण्यावर दुसरी गोष्ट अवलंबून आहे असे सांगणारे वाक्य म्हणजे संकेतार्थी वाक्य. मराठीत अशी वाक्ये तुम्ही लहानपणापासून सहज वापरत आला आहात. ‘पाऊस पडला, तर आम्ही घरीच राहू’ हे वाक्य मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. इंग्रजी लिहिताना मात्र याच ठिकाणी आपली लेखणी अडखळते. मराठी क्रियापदाचा काळ जसाच्या तसा इंग्रजीत नेण्याची सवय हे त्याचे एक मोठे कारण आहे. म्हणून या घटकात आपण दोन्ही भाषा शेजारी ठेवून पाहणार आहोत.

4.3 विषय-विवेचन

4.3.1 ‘जर–तर’ आणि ‘इफ’

वरील वाक्यात ‘जर’ हा शब्द नाही, तरीही अर्थात काही उणे पडत नाही. ‘तर’ मात्र काढून टाकता येत नाही. इंग्रजीत याच्या उलट घडते. तेथे ‘इफ’ हा शब्द सामान्यतः आवश्यक असतो आणि ‘तर’चा समानार्थी ‘देन’ बहुधा गाळला जातो. म्हणून प्रत्येक ‘तर’साठी ‘देन’ लिहिण्याचे कारण नाही.

4.3.2 खुली शक्यता

‘पाऊस पडला, तर आम्ही घरीच राहू’ या वाक्यातील ‘पडला’ हे रूप भूतकाळाचे आहे. पाऊस मात्र अजून पडायचा आहे. येथे ‘पडला’ हे रूप काळ दाखवत नाही, क्रियेची पूर्णता दाखवते. आधी पावसाची क्रिया पुरी होईल, मग घरी राहण्याची वेळ येईल, असा तो क्रम आहे. इंग्रजीत अशा वेळी ‘इफ’च्या उपवाक्यात साधा वर्तमानकाळ आणि मुख्य वाक्यात ‘विल’ येते : ‘इफ इट रेन्स, वी विल स्टे ॲट होम.’

आता पुढील वाक्य पाहा : ‘आपण माझी नेमणूक केलीत, तर मी प्रामाणिकपणे काम करीन.’ नोकरीच्या अर्जात हे वाक्य ‘इफ यू अपॉइंट मी, आय विल वर्क सिन्सिअरली’ असे लिहावे. ‘केलीत’ हे भूतकाळी रूप पाहून ‘इफ यू अपॉइंटेड मी, आय वुड वर्क सिन्सिअरली’ असे लिहिले, तर व्याकरण बिघडत नाही, अर्थ बिघडतो. ‘आपण मला नेमाल असे वाटत नाही, तरी कल्पना करू’ असा सूर त्यातून उमटू शकतो. अर्जदाराच्या मनात नसलेली शंका केवळ क्रियापदाच्या रूपामुळे वाचणाऱ्यापर्यंत पोहोचते.

नेहमी खरी ठरणारी गोष्ट सांगताना दोन्ही भागांत साधा वर्तमानकाळ येतो. ‘पाणी तापवले, तर त्याची वाफ होते’ याचे रूपांतर ‘इफ यू हीट वॉटर, इट टर्न्स इंटू स्टीम’ असे होते.

4.3.3 कल्पना आणि हुकलेली संधी

‘माझ्याकडे सायकल असती, तर मी चालत गेलो नसतो.’ हे वाक्य आजच्या अडचणीविषयी आहे की गेल्या वर्षीच्या? मराठीत ‘आज’, ‘तेव्हा’ अशा शब्दांवरून किंवा संदर्भावरून ते कळते. क्रियापदाचे रूप बदलत नाही. इंग्रजीत मात्र प्रत्येक अर्थासाठी वेगळे रूप वापरावे लागते.

आजची कल्पना : ‘इफ आय हॅड अ बायसिकल, आय वुड नॉट वॉक.’ येथे ‘इफ’च्या भागात साधा भूतकाळ आणि मुख्य वाक्यात ‘वुड’ येते.

गतकाळातील हुकलेली संधी : ‘इफ आय हॅड हॅड अ बायसिकल, आय वुड नॉट हॅव वॉक्ड.’ येथे ‘इफ’च्या भागात पूर्ण भूतकाळ आणि मुख्य वाक्यात ‘वुड हॅव’ येते.

इंग्रजी क्रियापद वास्तवापासून दूर जाताना काळाची एक पायरी मागे सरकते, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

मराठीत ‘तू अर्ज भरला असतास, तर तुला प्रवेश मिळाला असता’ या वाक्याच्या दोन्ही भागांत ‘असतास–असता’ ही सारखी रूपे येतात. त्यामुळे इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लिहिण्याचा मोह होतो. प्रमाण लेखनात तो टाळावा. योग्य वाक्य असे : ‘इफ यू हॅड अप्लाइड, यू वुड हॅव गॉट ॲडमिशन.’

4.3.4 रूप निवडण्याची रीत

मराठी क्रियापदाचा काळ पाहण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. पहिला : ही गोष्ट घडण्याची शक्यता मी खुली ठेवतो आहे काय? उत्तर ‘होय’ असल्यास वर्तमानकाळ वापरावा. उत्तर ‘नाही’ असल्यास दुसरा प्रश्न : ही कल्पना आजविषयी आहे की होऊन गेलेल्या काळाविषयी? आजविषयी असल्यास साधा भूतकाळ, गतकाळाविषयी असल्यास पूर्ण भूतकाळ वापरावा.

4.4 स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

पुढील वाक्यांचे इंग्रजीत रूपांतर करा. उत्तरे पाहण्यापूर्वी वरील दोन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा.
1. तू उद्या आलास, तर मी तुला पुस्तक देईन.
2. आज मी तुझ्या जागी असतो, तर ही नोकरी सोडली नसती.
3. डॉक्टर वेळेवर आले असते, तर रुग्ण वाचला असता.

4.5 सारांश

मराठी संकेतार्थी वाक्यातील भूतकाळी रूप पुष्कळदा पूर्णता दाखवते. इंग्रजीतील भूतकाळी रूप वास्तवापासूनचे अंतर दाखवते. म्हणून रूपांतर करताना काळाचे नव्हे, तर अर्थाचे भाषांतर करावे.

4.6 प्रश्नांची उत्तरे

1. इफ यू कम टुमॉरो, आय विल गिव्ह यू द बुक.
2. इफ आय वेअर यू, आय वुड नॉट लीव्ह दिस जॉब. (अशा कल्पनेत औपचारिक इंग्रजीत ‘आय’ या कर्त्यासही ‘वेअर’ लावतात.)
3. इफ द डॉक्टर हॅड कम इन टाइम, द पेशंट वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड.