समुद्रांतील गवंडी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं समुद्र पाहिला नसेल. पण अंगठींत बसविलेलें तांबडें पोवळें बहुतेकांनीं पाहिलें असेल. तें मुख्यतः भूमध्य समुद्रांतलें. ज्या प्रवाळांविषयीं येथें लिहावयाचें आहे तीं त्याचीं दूरचीं नातलग होत. प्रवाळास कोणी दगड समजतो, कोणी झाड. वस्तुतः तो प्राणी आहे. एक तोंड, तोंडाभोंवतीं बारीक हात, आणि पोट, एवढेंच त्याचें शरीर. असे हजारों जीव एकमेकांस चिकटून राहतात, व समुद्राच्या पाण्यांतील द्रव्यांपासून प्रत्येक जण आपल्याखालीं चुन्याचें वाटीसारखें घर बांधतो. जुन्या घरांवर नवीं घरें चढतात. भरीव जातीचें प्रवाळ वर्षांत सुमारें एक सेंटिमीटर वाढतें. म्हणजे पुरुषभर उंचीच्या खडकास दीडशें वर्षांहून अधिक काळ लागतो.

या गवंड्यास खावयास कोण घालतें? त्याच्या शरीरांत अतिसूक्ष्म शैवाल राहतें. आपल्याकडे एकाची जमीन व दुसऱ्याचे श्रम अशी बटाईची शेती चालते, तसाच हा करार आहे. प्रवाळजीव जागा व खत देतो. शैवाल सूर्यप्रकाशाच्या साह्यानें अन्न तयार करून त्यांतील मोठा वांटा घरधन्यास देतें. त्याची शेंकडा 90 पर्यंत गरज यांतूनच भागते, आणि त्याचा रंगहि बहुतांशीं शैवालाचाच असतो. परंतु उन्हाळ्यांतील नेहमींच्या कमाल उष्णमानाहून पाणी एखादा अंश अधिक तापलें व कांहीं आठवडे तसेंच राहिलें, कीं करार मोडतो. तापलेलें शैवाल अपायकारक द्रव्यें उत्पन्न करूं लागतें, व प्रवाळजीव त्यास बाहेर टाकतो. मग त्याच्या पारदर्शक देहांतून खालचा पांढरा चुना दिसतो. हा पांढरेपणा म्हणजे मरण नव्हे, उपासमार होय. पाणी लवकर निवलें तर शैवाल पुनः येतें. न निवलें तर घर रिकामें पडतें व त्यावर शेवाळ माजतें.

आतां एका ठिकाणची हकीकत पाहूं. तामिळनाडूंत रामेश्वर व तुतिकोरिन यांच्यामधील किनाऱ्यालगत, मन्नारच्या आखातांत, लहान बेटांची रांग आहे. तीं 21 होतीं. त्यांतील पूवरसनपट्टी व विलांगुचल्ली हीं दोन आतां पाण्याखालीं आहेत. भोंवतालचे प्रवाळखडक चुन्यासाठीं वर्षानुवर्षें फोडून नेण्यांत आले, हें त्याचें मोठें कारण. खडक हा बेटाचा बांध आहे. बांध गेला कीं लाटा थेट वाळूवर येतात, आणि बेट म्हणजे बहुतेक वाळूच. 1986 सालीं येथें राष्ट्रीय सागरी उद्यान झालें, तरी दगड निघतच राहिला. 2001 सालीं प्रवाळांस वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत घेतलें, आणि 2005 च्या सुमारास खोदकाम थांबलें. दगड काढणारे बहुतेक गरीबच होते, हेंहि सांगितलें पाहिजे. नफ्याचा मोठा भाग त्यांच्या घरीं गेला नाहीं.

कायद्यानें कुदळ थांबली. उष्णता थांबली नाहीं. 2010 सालीं पाणी तापलें, आणि 2016 सालीं त्याहून भयंकर झालें. त्या एका वर्षांत आखातांतील जिवंत प्रवाळांचें प्रमाण शेंकडा सुमारें 39 वरून 23 वर आलें. पहारेकरी होडी अडवूं शकतो, तापलेलें पाणी अडवूं शकत नाहीं. कोळसा व खनिज तेल जाळून झालेला धूर कोठल्याहि देशाचा असो, त्याची ऊब समुद्रांत सर्वत्र पोहोंचते. जगभर अशी आपत्ति 1998 व 2010 सालीं, नंतर 2014 पासून 2017 पर्यंत, आणि पुनः 2023 पासून आली. मधल्या विश्रांतीचा काळ पहिल्याहून आखूड झाला, हें या आंकड्यांतील खरें भय आहे. कारण जखम भरण्यास या मंद गवंड्यांस दहा-पंधरा वर्षें तरी हवींत.

मग पहारा व्यर्थ आहे काय? मुळींच नाहीं. ज्या खडकावर शेवाळ खाणारे मासे शिल्लक आहेत व ज्याचें पाणी स्वच्छ आहे, तेथें नव्या पिलांस बसावयास जागा मिळते. गाळानें व मैल्यानें भरलेल्या खडकावर ती मिळत नाहीं. आपल्या मालवणाजवळहि प्रवाळ आहे. तेथें होडीचा नांगर खडकावर न टाकणें व पाण्यांत बुडी मारणाऱ्या पाहुण्यानें त्यावर पाय न ठेवणें, एवढें तर आजच करतां येतें.

मन्नारच्या आखातांत तुतिकोरिनजवळ वान नांवाचें बेट आहे. तेंहि झिजून अगदीं लहान झालें होतें. 2015 नंतर त्याच्यासमोर समुद्राच्या तळाशीं काँक्रीटचे पोकळ सांचे मांडण्यांत आले. लाटांचा जोर तेथें मोडतो, आणि सांच्यांच्या पोकळींत मासे राहावयास आले आहेत.