वजन क्लॅम्पवर, हातावर नाही

बोअरची मोटर काढायची म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात: फिटर कधी मोकळा आहे आणि पाइपामागे किती घेतो. खाली किती वजन लोंबकळतंय, हे कुणी विचारत नाही. हिशेब अवघड नाही. दीड इंची जीआय पाइपाची 20 फुटी लांबी भरते साधारण 22 किलो. पंपावरच्या नॉन रिटर्न वॉल्व्हमुळे पाइपातलं पाणी खाली उतरत नाही, ते लांबीला आणखी 8 लिटर. म्हणजे भरलेला एक पाइप 30 किलोचा. मोटर 240 फुटांवर असेल तर असे 12 पाइप, 360 किलो. त्यात मोटर, पंप आणि केबल धरली की 400 किलोंच्या आसपास. आणि पाइप उकलायच्या वेळी हे सगळं दोन बोल्टांच्या एका क्लॅम्पवर तोललेलं असतं.

सांगोला तालुक्यातल्या माझ्या डाळिंबाच्या बागेत ऐन एप्रिलमध्ये मोटर बसली. झाडांवर फळं धरलेली, त्यामुळे घाई सगळ्यांनाच. फिटर तिपाई, चेन कप्पी आणि हाताखाली दोन पोरं घेऊन आला. वरचे पाइप झटपट निघाले. पुढच्या एका पाइपाला त्याने क्लॅम्प सॉकेटच्या लगत न बसवता फूटभर खाली आवळला, कारण तिथे पाना फिरवायला मोकळी जागा मिळते. क्लॅम्पचे आतले दात झिजलेले होते. मी विचारलं तर म्हणाला, “अण्णा, रोजचंच काम आहे.” चेन सैल झाली आणि ओला पाइप क्लॅम्पमधून सर्रकन घसरला. फूटभरच घसरला, पण सॉकेट क्लॅम्पवर आदळलं तेव्हा मध्ये एका पोराची बोटं होती. त्या दणक्याने खाली कुठेतरी गंजलेले आटे तुटले आणि उरलेले पाइप मोटरीसकट तळाला गेले, केबल फाडत. पोराच्या एका बोटाचं पेर गेलं. मोटर काढायला गळ टाकून पाहिले, पाइप आणखीच तिरपा बसला. तो बोअर आता कायमचा बंद आहे.

म्हणून आमच्या शिवारात मोटर निघायची असेल तर मी आधी क्लॅम्प हातात घेऊन बघतो. दात झिजलेले असतील, बोल्ट वाकलेले असतील तर काम थांबवायचं. फिटर नाराज झाला तरी चालेल. क्लॅम्प कायम सॉकेटच्या लगत खाली. म्हणजे पकड सैल झाली तरी सॉकेट अडतं आणि पाइपाला घसरायला जागाच उरत नाही. दोन क्लॅम्प असलेच पाहिजेत: खालचा केसिंगवर नीट बसून त्याने वजन घेतल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही. त्या क्षणी केसिंगच्या तोंडाशी कुणाची बोटं नकोत आणि तिपाईखाली कुणाचं डोकं नको. तिपाईचे पाय मऊ रानात रुततात, म्हणून त्यांच्याखाली फळ्या द्या आणि तिन्ही पाय साखळीने एकमेकांना बांधा.

काळा एचडीपीई पाइप असला की लोक निर्धास्त होतात. तिपाई लागत नाही, पाच-सहा जण पाइप खांद्यावर घेऊन रानातून चालत सुटतात. त्यातल्या एकाने तंबाखू मळायला हात सोडला की उरलेल्यांना घेऊन पाइप मागे पळतो. तिथेही तोंडाशी क्लॅम्प हवाच, आणि दर थोड्या अंतराने तो आवळत जायचा.

मोटरीला स्वतंत्र दोर बांधायचा, तो पंपाच्या कडीला. केबल धरून मोटर ओढणं म्हणजे नवीन केबलचा खर्च ओढवून घेणं. दोराचं वरचं टोक झाकणाला पक्कं बांधलेलं हवं. सैल सुटून आत पडलेला दोर पंपाभोवती गुंडाळला की मोटर अडकते, आणि मग ज्याने वाचवायचं तोच घात करतो. मोटर अडकलीच तर कप्पीने जोर लावत सुटू नका. थोडं खाली सोडा, फिरवा, पुन्हा हळू उचला.

आता लाईट. शेतीला वीज कधी दिवसा, कधी रात्री येते, म्हणून बहुतेकांनी स्टार्टरला ऑटो लावलेला आहे. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. फिटर उघड्या जोडावर बसलेला असताना हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. ऑटो बंद करणं पुरेसं नाही. मेन स्विच पाडा, किटकॅट काढा आणि ती स्वतःच्या खिशात ठेवा. पेटीवर ठेवली तर घरातलं कुणीतरी “लाईट आलीय” म्हणून बसवून टाकतं. कपॅसिटरमध्ये नंतरही करंट उरतो, त्याला लगेच हात नको. डीपीवर मात्र आपण चढायचं नाही, तिथे वायरमनच.

पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन रानभर फिरतो. त्याची नजर नारळावर असते, वर तारेकडे कधीच नाही. त्यामुळे कितीतरी बोअर 11 केव्हीच्या लाइनखाली किंवा तिला लागून आहेत. 20 फुटी लोखंडी पाइप तिपाईत उभा केला की तो तारेपर्यंत पोहोचू शकतो. अशा जागी महावितरणकडून लाइन बंद करून घेतल्याशिवाय काम करूच नये. पुढच्या वेळी 10 फुटी यूपीव्हीसी पाइप टाकावेत. वजनही पुष्कळ कमी होतं. माझं मत विचाराल तर जुन्या गंजक्या जीआयपेक्षा ते केव्हाही बरे, फक्त त्यांना लोखंडी दाताचा पाना लावू नका.

मोटर सोडताना घाई कमी असते, म्हणून चुका वेगळ्या होतात. पाण्याच्या मोटरीत स्वच्छ पाणी भरून, बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघून मगच बूच आवळा. केबलचा जोड वॉटरप्रूफ टेपने, तिन्ही वायरी वेगवेगळ्या गुंडाळून करा. दर 10 फुटांवर केबल पाइपाला बांधा, थोडी ढिली. मोटर तळाला टेकवू नका; 10-15 फूट वर ठेवा, नाहीतर गाळ ओढते. थ्री फेजला पाणी कमी आलं तर मोटर उलटी फिरत असेल. दोन वायरींची अदलाबदल करून बघा. आणि किती पाइप, किती फूट, कितीची मोटर हे स्टार्टरच्या पेटीच्या दारावर रंगाने लिहून ठेवा. फिटर बदलतो, आपली आठवणही धड राहत नाही.

काम चालू असताना केसिंगच्या तोंडाभोवती बारदान कोंबायचं, म्हणजे पाना किंवा नट आत पडत नाही. मोटर दुरुस्तीला गेल्यावर मात्र बारदान चालणार नाही. उघड्या बोअरमध्ये लहान मुलं पडण्याच्या घटनांवरून सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सूचना दिल्या, त्यात पंप दुरुस्तीच्या काळातही बोअर उघडा ठेवायचा नाही असं स्पष्ट म्हटलं आहे. नटबोल्टने आवळायचं लोखंडी झाकण गावातला कोणताही वेल्डर करून देतो. मोटर दुकानात न्यायला गाडीत टाकण्याआधी ते बसवा.