वजनाचा व्यायाम, रक्तदाब आणि दिव्यांग खेळाडू

सुरगाणा तालुक्यातील तोरणडोंगरीच्या दिलीप गावित याने ऑक्टोबर २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत ४०० मीटर धावण्याचे सुवर्णपदक मिळवले. वेळ ४९.४८ सेकंद. भारताचे त्या स्पर्धेतील ते शंभरावे पदक ठरले. दिलीपने लहानपणी अपघातात एक हात गमावला आहे, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे.

तेव्हापासून दवाखान्यात एक प्रश्न मला वरचेवर ऐकू येतो. "डॉक्टर, आमच्या मुलाला व्यंग आहे. त्याने वजने उचलली तर बी.पी. वाढून काही होणार नाही ना?" या भीतीपायी काही मुले व्यायामशाळेची पायरीच चढत नाहीत. दुसरीकडे पोलीस भरतीची तयारी करणारी धडधाकट मुले कसलीही तपासणी न करता दम कोंडून वजने उचलतात. दोघांसाठीही हा विषय समजून घेणे गरजेचे आहे.

वजन उचलताना काय होते?

निरोगी माणसाचा बसल्या जागी रक्तदाब साधारण १२०/८० असतो. वजन उचलताना आवळलेले स्नायू आतल्या रक्तवाहिन्या दाबतात. रक्ताला वाट कमी आणि हृदयाचा जोर जास्त, म्हणून दाब चढतो. त्यात श्वास कोंडला की छातीतील दाबाची भर पडते. नागलीचे पोते पाठीवर घेताना आपण नकळत 'हुं' करून दम धरतो, तोच हा प्रकार.

हा दाब किती चढतो? कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी १९८५ साली पाच सराईत शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत बारीक नळी घालून तो मोजला. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला. एकाचा तर वरचा आकडा ४८० च्या पुढे गेला. वजन खाली ठेवताच काही सेकंदांत दाब झपाट्याने उतरला. पोते टाकल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती या उतारामुळेच.

आकडे वाचून घाबरू नये. निरोगी रक्तवाहिन्या हा क्षणिक ताण सोसतात. नियमित आणि बेताने केलेल्या व्यायामाने तेच वजन पुढे कमी दाबात उचलता येते, आणि बसल्या जागीचा रक्तदाबही थोडा खाली येतो.

व्यंग कोठे आहे, हे पाहा

दिव्यांग म्हटले की सर्वांना एकच नियम, हे चुकीचे आहे. रक्तदाबाचा लगाम मेंदूकडून मज्जारज्जूमार्गे जाणाऱ्या नसांच्या हाती असतो. त्या नसा शाबूत आहेत का, हा खरा प्रश्न.

हात किंवा पाय गमावलेल्या खेळाडूच्या या नसा शाबूत असतात. त्याचा रक्तदाब इतरांप्रमाणेच चढतो व उतरतो. फरक एवढाच, की दोन हातांनी उचलायचे वजन एका हातावर आले तर त्या हाताचे श्रम दुप्पट होतात आणि दाबही अधिक चढतो. म्हणून वजन हाताच्या ताकदीप्रमाणे ठरवावे, शेजारच्याकडे पाहून नव्हे.

पोलिओत स्नायू हलवणाऱ्या नसा जातात, रक्तवाहिन्यांचा ताबा सहसा टिकून राहतो. पंजाबचे राजिंदरसिंग राहेलू यांचे पाय पोलिओने गेले होते, तरी २००४ च्या अथेन्स पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पॉवरलिफ्टिंगचे कांस्यपदक मिळवले.

झाडावरून किंवा विहिरीत पडून पाठीचा कणा मोडलेल्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर मज्जारज्जूला इजा असेल, तर हा लगाम सुटलेला असतो. अशा माणसाचा नेहमीचा वरचा दाब ९० ते ११० इतका कमी असू शकतो. श्रमाने तो पुरेसा वाढत नाही, नाडीही फारशी चढत नाही. उलट तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, पाठीवरची जखम किंवा घट्ट आवळलेला पट्टा एवढ्या कारणानेही दाब एकाएकी उसळतो. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. नेहमी १०० दाब असलेल्या अशा रुग्णाला १४० हा आकडाही धोक्याचा असतो. अशा वेळी त्याला आडवे करू नये. बसते करावे, पट्टे सैल करावेत, लघवीची नळी मुडपली आहे का ते पाहावे आणि लगेच दवाखाना गाठावा. जोर वाढावा म्हणून काही खेळाडू हा उसळा मुद्दाम आणत. जिवाला धोका असल्याने आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने १९९४ पासून त्यावर बंदी घातली आहे.

दाब कधी व कोठे मोजावा?

व्यायाम संपताच पट्टा बांधून मोजलेल्या आकड्यावरून कोणाला रक्तदाबाचा रुग्ण ठरवू नये. व्यायाम, चहा व तंबाखूनंतर किमान अर्धा तास जाऊ द्यावा. पाठ टेकवून पाच मिनिटे शांत बसावे आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजावे. एक हात नसेल तर दुसऱ्या हातावर मोजावे. दोन्ही नसतील तर झोपवून मांडीवर मोठा पट्टा बांधावा. तेथील आकडा हातापेक्षा थोडा जास्त येतो, हे ध्यानात असू द्यावे.

हे लक्षात ठेवा

१. वजन उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. दम कोंडू नका.

२. आरंभी सहज १२ ते १५ वेळा उचलता येईल एवढेच वजन घ्या.

३. वजन ठेवल्यावर एकदम उभे राहू नका.

४. बसल्या जागीचा दाब १८०/११० च्या वर असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत वजने उचलू नका. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

५. मणक्याला इजा झालेल्या खेळाडूने आपला नेहमीचा दाब वहीत लिहून ठेवावा आणि लघवी करूनच व्यायामाला बसावे.

६. छातीत दुखणे, फार डोके दुखणे किंवा भोवळ येणे यांपैकी काही झाल्यास व्यायाम तेथेच थांबवा व डॉक्टरांना भेटा.

पालकांना माझे सांगणे एवढेच, की व्यंगाच्या नावाखाली मुलाला घरी बसवू नका. त्याला एकदा तपासून घ्या आणि जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली व्यायाम करू द्या. पुढे कोणी हरकत घेतली तर तपासणीचा कागद दाखवा.