दुखणे ओसरले, पण उभारी आली नाही
(शिक्षकांसाठी अभ्यासपाठ. वाचावयाचा भाग : १ राजे, अध्याय १९)



काही वर्षांपूर्वी येथे बालाघाटात, आमच्या मंडळीतील एका तरुण शिक्षकाला मोठे दुखणे आले. पंधरा-वीस दिवस त्याला झोप अशी नव्हती. बोलणे थांबेना. पगार दोन दिवसांत वाटून टाकला, आणि आपणच नवा संदेष्टा आहोत असे तो सांगू लागला. मग काही महिने तो अंथरुणालाच खिळला. घरच्यांनी नागपूरला दाखवले, औषध सुरू झाले आणि तो सावरला. मंडळीने उपकारस्तुती केली.

त्यानंतर आम्ही त्याला विचारले, "आता बरा झालास ना? मग वर्ग कधी घेतोस?" तो म्हणाला, "काका, बरा आहे. पण सकाळी उठायचे म्हटले की डोंगर चढायचा आहे असे वाटते. धडा वाचतो, पण ध्यानात राहत नाही." कोणी म्हणाले, हा आळस आहे. कोणी म्हणाले, विश्वास उणा पडतो. एका प्रार्थनासभेत त्याला गोळ्या सोडून देण्याचा सल्ला देण्यात आला. आम्ही तेथे बसलो होतो आणि गप्प राहिलो. दोन महिन्यांत दुखणे परत आले. त्या गप्प राहण्याची कबुली म्हणून हा पाठ लिहीत आहोत.

१. हे दुखणे कोणते?

डॉक्टर याला बायपोलर विकार म्हणतात. यात मनाची दोन टोके दिसतात. एका टोकाला उन्माद : झोपेची गरज न वाटणे, विचारांची धाव, भलते धाडस. दुसऱ्या टोकाला खोल औदासीन्य. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली, त्यांत आपले मध्य प्रदेशही होते. त्या पाहणीप्रमाणे दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार होतो, आणि अशा दर दहा रुग्णांपैकी सुमारे सात जण उपचाराबाहेर असतात. तेव्हा हे दुखणे आपल्या बाकांवर बसतच नाही असे कोणी समजू नये.

२. पूर ओसरतो, गाळ राहतो

वैनगंगेचा पूर एका रात्रीत उतरतो, पण शेतातला व घरातला गाळ काढण्यात पुढे कितीतरी दिवस जातात. या विकाराचेही तसेच आहे. अमेरिकेत १४६ रुग्णांची सरासरी बारा वर्षांहून अधिक काळ, आठवड्या-आठवड्याची नोंद ठेवण्यात आली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, जवळजवळ निम्मे आठवडे रुग्णांना काही ना काही लक्षणे होती. त्यांत उन्मादापेक्षा औदासीन्याचे आठवडे तिपटीहून अधिक होते. बहुतेक वेळ लक्षणे सौम्य असत : थकवा, निरुत्साह, मन न लागणे. बाहेरून माणूस बरा दिसे. आतून तो ओझे ओढत असे.

२००६ सालच्या दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात ८५८ बऱ्या झालेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना दोन वर्षांच्या आत दुखणे उलटले. ज्यांच्यात थोडी लक्षणे उरली होती, त्यांना हा धोका अधिक होता. म्हणजे आमच्या शिक्षकाची तक्रार ही सबब नव्हती. तो धोक्याचा इशारा होता, आणि आम्ही तो ऐकला नाही.

३. मेंदूतील दुवे

मेंदूचे निरनिराळे भाग एकमेकांशी सतत संपर्कात असतात. १९९५ साली अमेरिकेत काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ भरत बिस्वाल व त्यांचे सहकारी यांनी दाखवले की, माणूस स्वस्थ पडून असतानाही मेंदूतील दूरदूरचे भाग एका तालात चालतात. ज्या भागांचा ताल जुळतो, त्यांच्यात दुवा आहे असे मानतात. मेंदूच्या खोल भागात अमिग्डाला नावाचा लहानसा गाभा आहे. भीती व भावना जाग्या होतात त्यात त्याचा मोठा वाटा असतो. कपाळामागचा भाग त्या भावनांना लगाम घालतो. बायपोलर विकारात या दोहोंमधील दुव्यांत फरक आढळतात, आणि दुखणे शांत असतानाही ते काही अभ्यासांत दिसले आहेत. २०१९ साली अनेक देशांतील ३०३३ व्यक्तींचे मेंदूचे स्कॅन एकत्र तपासले गेले. त्यांत १४८२ जणांना हा विकार होता. मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या जाड पट्ट्यात रुग्णांमध्ये सर्वांत ठळक फरक दिसला.

येथे सावधगिरी हवी. हे फरक मोठ्या गटांच्या सरासरीत दिसतात. एकट्या माणसाचा स्कॅन पाहून "याला बायपोलर आहे" असे आजही सांगता येत नाही, आणि सर्व अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. तरी एवढे समजते की, उरलेली उदासी ही मनाचा हट्ट नसून शरीराच्याच एका अवयवाचे दुखणे असू शकते. मोडलेल्या पायाला आपण "विश्वासाने चाल" असे म्हणत नाही.

४. एलीयाचे उदाहरण

एलीयाला अमुक रोग होता असे म्हणण्याचा आम्हांला अधिकार नाही. पण देवाने त्याला कसे वागवले ते पाहा. कर्मेल डोंगरावरील मोठ्या विजयानंतर तो रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देव त्याला दोष देत नाही. प्रथम झोप, भाकर व पाणी. पुन्हा झोप, पुन्हा भाकर. पुढे चाळीस दिवसांनी होरेबावर तो आपले गाऱ्हाणे सांगतो, आणि मंद वाणी ऐकल्यानंतरही तेच गाऱ्हाणे पुन्हा सांगतो. देवाच्या भेटीनंतरही त्याची उदासी लगेच गेली नाही! तरी देव त्याला टाकून देत नाही. त्याला पुढचे काम नेमून देतो, तो एकटा नाही असे सांगतो, आणि अलीशाची सोबत देतो.

५. मंडळीने काय करावे?

(अ) गोळ्या सोडण्याचा सल्ला कोणीही देऊ नये. १९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी लिथियमचा उपयोग दाखवला. आजही ते या विकारावरचे एक प्रमुख औषध आहे.

(आ) लिथियम घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून उपास करू नये, पाणी किंवा मीठ तोडू नये. अंगातले पाणी कमी झाले की रक्तातील औषध वाढून विषबाधा होऊ शकते. आपल्याकडील मे महिन्यात व हगवण-उलटीत विशेष जपावे. रक्ततपासणी चुकवू नये.

(इ) काम काढून घेऊ नये, पण एकदम लादूही नये. आधी हजेरी घेणे, मग एक गीत, मग अर्धा पाठ, आणि जोडीला दुसरा शिक्षक.

(ई) झोप कमी होऊ लागली किंवा निराशा वाढली तर घरच्यांना सांगून लवकर डॉक्टरांकडे न्यावे. मरणाची भाषा ऐकू आली तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालू आहे.

आमचा तो शिक्षक आज पुन्हा औषध घेतो आणि लहान मुलांना गीते शिकवतो. काही रविवारी तो येत नाही. त्या दिवशी आम्ही "का आला नाहीस?" असे विचारत नाही, संध्याकाळी त्याच्या घरी चहाला जातो.

चर्चेसाठी प्रश्न

१. देवाने एलीयाशी बोलण्याआधी त्याच्यासाठी काय काय केले?
२. "बरा दिसतो" आणि "बरा आहे" यांत फरक काय?
३. आपल्या मंडळीत कोणाची तक्रार आपण आळस म्हणून टाळली आहे काय? या आठवड्यात त्यांच्या घरी कोण जाईल?