शौचावाटे रक्त : ‘मूळव्याधच असेल’ म्हणून गप्प बसू नका



वस्तीत आरोग्य तपासणी घेताना एक प्रश्न आम्ही शेवटी, माणसाला बाजूला घेऊन विचारतो : “संडासला रक्त जातं का?” बहुतेक जण “नाही” म्हणतात. मग सामान आवरताना त्यांतलंच कुणीतरी परत येतं आणि हळूच सांगतं, “ताई, जातं थोडं. मूळव्याध आहे.” मूळव्याध आहे हे सांगितलं कुणी? डॉक्टरांनी नाही. शेजारणीने, नाहीतर भिंतीवरच्या जाहिरातीने.

आमच्या ओळखीच्या एका घरात याच अंदाजाने जीवावर बेतलं होतं. मुलगा २४ वर्षांचा, गोदामात हमाली करणारा. सहा-सात महिने अधूनमधून लाल रक्त जायचं. ‘खात्रीने मूळव्याध बरी’ अशी पाटी पाहून तो एका ठिकाणी गेला. तिथे काहीही न तपासता कोंब कापला. रात्रभर रक्त थांबेना. सरकारी रुग्णालयात नेलं तेव्हा हिमोग्लोबिन ५.४ होतं.

तिथल्या डॉक्टरांनी आईला विचारलं, “याआधी कधी असं रक्त वाहिलं होतं का?” आई म्हणाली, “दाढ काढली तेव्हा दोन दिवस थांबत नव्हतं. माझा भाऊ पण असाच, लहानशा जखमेने गेला.” तिथून तपासाची दिशा बदलली. मुलाला सौम्य हिमोफिलिया निघाला. कोंब लहानच होता, पण रक्त नीट गोठत नव्हतं. योग्य इंजेक्शन मिळालं आणि मुलगा वाचला. हाच प्रश्न कापण्याआधी विचारला असता तर ती रात्र आलीच नसती.

आधी पाहायचं : रक्त कुठून येतं?

सार्वजनिक संडासात अनेकदा दिवाच नसतो, त्यामुळे रक्त गेलेलं कळतही नाही. शंका असेल तर बॅटरी घेऊन जा आणि पाहा.

शौचानंतर ताजं लाल रक्त ठिबकलं तर कोंब असू शकतो. शौच करताना कापल्यासारखी आग होत असेल तर चीर असू शकते. रक्ताबरोबर शेंब आणि मुरडा असेल तर आव किंवा आतड्याची सूज. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच म्हणजे रक्त बहुधा वर जठरातून येतं. रोज अंगदुखीच्या गोळ्या खाणाऱ्यांना आणि दारूने यकृत बिघडलेल्यांना हा धोका जास्त. (लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते आणि बीट खाल्ल्याने लाल. तेही आठवून पाहा.) आतड्यातल्या गाठी, आतड्याचा टीबी आणि कर्करोग यांतही रक्त जातं, आणि कर्करोगात सुरुवातीला दुखत नाही. वजन घटणं, शौचाची सवय बदलणं, अशक्तपणा, वय ४० च्या पुढे, यांतलं काही असेल तर एक दिवसही टाळू नका.

दवाखान्यात बोटाने तपासणी होते. मग लहान नळीने आत पाहतात, त्याला प्रॉक्टोस्कोपी म्हणतात. एवढ्याने उलगडा झाला नाही तर कोलोनोस्कोपी, म्हणजे आदल्या दिवशी जुलाबाचं औषध देऊन आतडं साफ करतात आणि कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं पाहतात. भगिनींनो, तपासणीच्या वेळी नर्स किंवा घरातली बाई सोबत मागून घ्या. लाजून तपासणी नाकारू नका.

मग विचारायचं : रक्त गोठतं का?

घरचा पाइप फुटला की आपण आधी चिंधीचा बोळा कोंबतो आणि वरून एमसील लावतो. शरीर तेच करतं. प्लेटलेट हा बोळा आणि फॅक्टर नावाची प्रथिनं हे एमसील. दोन्हींपैकी एक कमी पडलं की लहानशी जखमही वाहत राहते. बरेचसे फॅक्टर यकृतात तयार होतात, म्हणून यकृत बिघडलं की गोठणंही बिघडतं. डेंग्यूत प्लेटलेट घसरतात.

आतडं तपासूनही कारण सापडलं नाही, किंवा सापडलेल्या कारणाच्या मानाने रक्त फार जातंय, तर घरी बसून या प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा :

१. दात काढल्यावर, बाळंतपणात किंवा ऑपरेशनमध्ये रक्त फार वेळ वाहिलं का?
२. मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात का? गुडघा, कोपर सुजतं का?
३. नाकातून वारंवार रक्त येतं का? हिरड्यांतून येतं आणि आपण मिश्रीला दोष देतो, असं आहे का?
४. पाळी सुरू झाल्यापासूनच फार अंगावर जातं का? गाठी पडतात का?
५. आईचे भाऊ, मावसभाऊ, बहिणीची मुलं यांना असा त्रास होता का?
६. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणाऱ्या किंवा अंगदुखीच्या गोळ्या चालू आहेत का?

ही वही डॉक्टरांपुढे ठेवा. पहिल्या तपासण्या तीन : प्लेटलेटसह सीबीसी, पीटी-आयएनआर आणि एपीटीटी. आमच्या या मुलाच्या प्लेटलेट आणि पीटी ठीक होत्या, फक्त एपीटीटी लांबला होता. म्हणून फॅक्टर आठ मोजला, तो शंभरात १२ निघाला.

तिन्ही तपासण्या ठीक आल्या म्हणजे सगळं संपलं, असं नाही. फॉन विलेब्रँड नावाच्या आजारात त्या ठीक येऊ शकतात. हा आजार बायकांनाही होतो आणि ‘पाळीच जास्त जाते’ म्हणून वर्षानुवर्षं झाकला जातो. त्याची वेगळी तपासणी मागावी लागते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि गोठण्याचा दोष सापडला म्हणून आतड्याची तपासणी सोडू नका. एकाच माणसात दोन्ही असू शकतात.

उपचार हा हक्क आहे

महाराष्ट्रात सरकारी हिमोफिलिया केंद्रांतून फॅक्टरचं इंजेक्शन मोफत मिळतं. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही सरकारी संस्था रक्ताच्या अशाच आजारांवर काम करते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

रक्त भरपूर जात असेल, शौच काळी होत असेल, चक्कर, घाम, धडधड असेल तर उजाडण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

लाज कुणाची?

त्या मुलाच्या आईला नातेवाइकांनी ऐकवलं, “तुझ्याच रक्तातला दोष.” कुणी करणी म्हणालं, कुणी मागच्या जन्मीचं पाप. हिमोफिलिया बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो हे खरं, पण तो तिचा गुन्हा नाही. साधारण तीनांतल्या एका रुग्णाच्या घरात तर तो आधी कुणालाच नसतो. कारणाशिवाय काही घडत नाही, हे आपल्याला तथागतांनी शिकवलं. कारण शोधायचं असतं, बाईवर ढकलायचं नसतं. आता तिच्या मुलीचीही तपासणी झाली आहे, लग्नाआधी आणि लपवाछपवी न करता.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. राजा बिंबिसाराला भगंदर झालं, वस्त्रांवर रक्ताचे डाग पडू लागले. राण्या त्याची थट्टा करू लागल्या, राजाला पाळी आली म्हणून. राजा शरमला, पण त्याने दुखणं लपवलं नाही. मुलाला, अभय राजकुमाराला सांगितलं. जीवक वैद्य आला, त्याने तपासून औषध लावलं आणि राजा बरा झाला. त्याच पिटकात पोटाच्या विकाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आणि आनंदांनी स्वतःच्या हातांनी धुतलं.

राजाने सांगितलं, तर आपण का लपवायचं? आणि बुद्धांनी ज्याची घृणा केली नाही, त्याची आपण का करायची? येत्या रविवारी वंदनेनंतर घरी बसा, वरचे सहा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

नमो बुद्धाय.